जीएमसाहेबांची एकादशी

निराशा हा परीक्षेचा विषय असता, तर माझे थोरले साडू सबंध हैदराबादेत पहिले आले असते, आणि निकाल हातात पडल्यावर म्हणाले असते, "पेपर तपासण्यात काही तरी घोळ झालाय. उद्या काढून घेतील नंबर." त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान म्हणून मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, गळ्यातल्या हाराकडे आणि मग माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाले, "संपलं. आता काही इलाज नाही." हे वाक्य खास माझ्यासाठी आहे असं वाटून मला रागच आला होता. पुढे कळलं की ते सर्वांसाठीच असतं. शेजाऱ्याने नवा फ्रीज आणला तेव्हा तो बघायला गेलेले साडू दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "संपलं. आता हे लोक जन्मभर शिळं खाणार." शेजारी दुखावला, पण तिसऱ्या दिवसाची आमटी त्यांच्या घरात खरोखरच दिसू लागली. साडूंचं निम्मं भाकीत असं खरं व्हायचं, म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नसे.

आजाऱ्याला भेटायला जाणं ही त्यांची खास आवड. कोठी भागातल्या एका दवाखान्यात त्यांचे एक मित्र हर्नियाचं ऑपरेशन होऊन मजेत पडले होते. साडू स्टुलावर बसले, मोसंबी सोलायला घेतली आणि अशाच साध्या ऑपरेशननंतर कोण कोण कसं गेलं, ते फोडीफोडीला सांगत राहिले. मोसंबी संपली तेव्हा मित्राने बायकोला जवळ बोलावून मुलांना एकदा बघावंसं वाटतंय म्हणून सांगितलं. आंबे घेताना ते प्रत्येक आंब्याचा वास घेत आणि तो आतून सडका कसा निघेल याचं वर्णन करत. एकदा गाडीवाला कंटाळून म्हणाला, "साब, लेनेके पैलेच रोरे आप. खा को तो रोओ!" कुणाला गाडीत बसवून द्यायला त्यांनी काचीगुडा स्टेशनवर येऊ नये, म्हणून आम्ही सगळे गाडीची वेळ त्यांच्यापासून लपवत असू.

मग ते दिवस आले, जेव्हा पेपरात रोज उदारीकरण हा शब्द यायला लागला. नल्लकुंट्यात आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या, ज्याची त्याची पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली. लोकांचे चेहरे उजळले. साडू ज्या सरकारी कारखान्यात होते, तिथे मात्र टेलिफोनचे जे भाग बनत, ते आता बाहेरून निम्म्या किमतीत यायला लागले आणि एके दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा कागद निघाला. स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नसतं. साडूंच्या खात्यातली धीराची माणसं त्या दिवशी गेटपाशी लहान मुलासारखी रडली. साडू तेवढे कोरडे होते. "तुम्हाला आज कळलं," ते म्हणाले. "मला नोकरीला लागलो त्याच दिवशी कळलं होतं."

त्या कारखान्यात जनरल मॅनेजरच्या ऑफिससमोर बाग होती आणि पाहुण्यांना दाखवायला तिथे जाळीच्या घरात ससे ठेवलेले असत. सगळं गुंडाळताना खुर्च्यांचा, पंख्यांचा, त्या जाळीचाही लिलाव झाला, पण उरलेल्या एकुलत्या एका पांढऱ्या सशाचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी आठवण म्हणून कुणी पेपरवेट नेला, कुणी दारावरची पाटी काढून नेली. साडू जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ससा घालून बसने बरकतपुऱ्याला आपल्या घरी आले. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, पिशवीत डोकावून "हे काय?" म्हणून विचारलं. "जीएम," साडू म्हणाले. "दिवसभर बसून खातो आणि काही विचारलं की नुसतं नाक हलवतो. दुसरं काय नाव ठेवणार?"

जीएमसाहेब आले आणि साडूंना श्रोता मिळाला. सकाळी दहाच्या सुमाराला, पूर्वी ज्या वेळी ते मशीनपाशी उभे असत त्या वेळी, ते इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात खुर्ची टाकून बसत आणि पेपरातली प्रत्येक वाईट बातमी मोठ्याने वाचून दाखवत. ससा समोर कान उभे करून बसे. घरातले, येणारेजाणारे आम्ही सगळे त्यांचं बोलणं सुरू झालं की काही तरी काम काढून उठायचो. तो उठत नसे. "हा तेवढा शेवटपर्यंत ऐकतो," साडू एकदा मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्कीट अर्धं त्यांच्या तोंडात आणि अर्धं जीएमच्या तोंडात जाई.

पण सशाचे खरे लाड केले ते माईंनी. माई म्हणजे साडूंच्या आई, ऐंशीच्या घरातल्या, नेमधर्माच्या कडक. स्वयंपाक झाला की पहिलं पान गाईचं, हा त्यांचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. गल्लीत अपार्टमेंटं उठायला लागली तशी गाय यायची बंद झाली. नेम मोडायचा तरी कसा? गाईचं पान जीएमसाहेबांपुढे जाऊ लागलं. भात, वरण, वर तुपाची धार, सणाला पुरणाचा गोळा. तोही पठ्ठ्या सगळं चाटूनपुसून खाई आणि माईंच्या पायांशी येऊन पसरे. "माझी गायच आहे ती," माई म्हणत. साडू म्हणत, "संपलं. याला आता मधुमेह होणार."

अशात एक एकादशी आली. त्या दिवशी सकाळी माईंनी जीएमपुढे भिजवलेले शेंगदाणे ठेवले, तर त्याने तोंड फिरवलं. केळं ठेवलं, तेही नको. कोथिंबीर नको, पाणी नको. खुर्चीखाली अंग आक्रसून डोळे अर्धे मिटून बसून राहिला. माई दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या. "अगं बाई, एकादशी धरली की गं याने! निर्जळी!" त्यांचे डोळे भरून आले. बातमी गल्लीत गेली. समोरच्या तेलुगू बाई फुलं घेऊन आल्या आणि "एंत भक्ती!" किती ही भक्ती, असं म्हणत त्याच्या पाठीवर जाईचा गजरा ठेवून गेल्या. कोपऱ्यावरचा शिंपी डोकावून म्हणाला, "क्या माँजी, रोजा रख को बैठा क्या?" दुपारी बायका जमल्या, माईंनी टाळ्यांच्या ठेक्यावर दोन अभंग म्हटले आणि जीएमसाहेब मधोमध गजरा घालून न हलता बसून होते. साडू बाहेरून आले, त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा संपला." कुणी लक्षही दिलं नाही. फ्रीजबद्दल, जावयांबद्दल, आंब्यांबद्दल जे वाक्य, तेच सशाबद्दल. त्यांनी स्वतःनेही ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि जन्मात एकदा जे वेळेवर ऐकायला हवं होतं ते असं सवयीत वाहून गेलं.

द्वादशीला सकाळी माईंनी सोवळ्यात पारण्याचा स्वयंपाक केला आणि पहिलं पान जीएमपुढे ठेवलं. उपास सोडायचा मान त्याचा. त्याने वासही घेतला नाही. पोट ढोलासारखं ताठ झालं होतं. माई पान धरून बसून राहिल्या. साडूंचा मला फोन आला. "साडूभाऊ, स्कूटर घेऊन या. जीएम खाईना गेलाय." मी नल्लकुंट्याहून पोचेपर्यंत ते त्याला टॉवेलात गुंडाळून फाटकाशी उभे होते, आणि रस्ताभर मागे बसून एक अक्षर बोलले नाहीत. हे मला जास्त भीतीचं वाटलं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हशीच्या पायाला पट्टी बांधत होते. हात धुऊन त्यांनी सशाचं पोट चाचपलं, कान लावून ऐकलं आणि विचारलं, "क्या खिलाते?" साडूंनी खरं ते सांगितलं: भात, वरण, तूप, पुरण, बिस्कीट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ये कुंदेलु है सार, अल्लुडु नहीं!" ससा आहे, जावई नाही. "इसको घास होना, घास. रात-दिन घास. आतडी चलती रहना. कब से नहीं खाया?" साडूंनी एकादशीचं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "खरगोश खाना छोड़ा तो उसी दिन लाना, सार. कल लाते तो बचा लेते थे शायद. इसमें पंचांग नहीं देखते." मग त्यांनी इंजेक्शन दिलं, सुई काढलेली सिरिंज हातात दिली, आणि अंग ऊबदार ठेवा, पोट हलक्या हाताने चोळा, कोमट पाणी थेंब थेंब पाजा, ताजं गवत तोंडापाशी धरा, असं सगळं नीट समजावून सांगितलं.

त्या दिवशी मी जो माणूस पाहिला, तो माझा साडू नव्हता. लंगोटीच्या वयात तरी त्यांनी कधी आशा धरली असेल की नाही याची मला शंका आहे, आणि पन्नाशी उलटल्यावर ती एकदम अंगावर आल्याने त्यांना ती कशी धरायची हेच समजत नव्हतं. नुसत्या बनियनवर, फरशीवर बसून मांडीत ससा घेऊन ते पोट चोळत होते. शेकायला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळलेली. मी जवळच्या मैदानाच्या कडेला वाकून हरळी, दिसेल ते गवत उपटून आणत होतो. "आत्ता कान हलवला. बघितलात ना?" ते विचारत. मी म्हणे, हो. "पाणी गिळलं थोडं. डॉक्टर लोकांना काय, ते असंच बोलतात." अक्का दाराशी आल्या आणि न राहवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही अजून एकदाही संपलं म्हणाला नाहीत." साडूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या आत निघून गेल्या. मला मात्र त्यांना ते म्हणताना ऐकायचं होतं. ते जे म्हणत नव्हते, ते मला समोर दिसत होतं, आणि माझ्याने ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा साडू मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली खुरप्याने माती सारखी करत होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. "पहाटे गेला," ते म्हणाले. "शेवटपर्यंत दात खात होता हो. दुखत असेल फार." खुरपं धुऊन त्यांनी जागेवर ठेवलं आणि आम्ही आत आलो.

माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कालपासून त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. द्वादशीचं पारणं झालंच नव्हतं. समोर अक्कांनी वाढलेलं ताट तसंच होतं आणि अक्का रडकुंडीला आलेल्या. आम्हाला बघून माई म्हणाल्या, "काय म्हणाला होता रे डॉक्टर? मीच घातलं ना सगळं त्याला? परवा दिवसभर मी टाळ्या वाजवत बसले त्याच्यापुढे. लेकराचं पोट दुखायलं होतं का रे?"

दवाखान्यातली माणसं ज्याने मोसंबीच्या फोडीवर रडवली, तो माणूस आता काय बोलेल या भीतीने मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. साडू माईंपुढे मांडी घालून बसले. ताट ओढलं, वरणभात कालवला.

"नाही माई. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं त्याचं. कधीही नेला असता तरी हेच होणार होतं. विचार की यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ माई," मी म्हणालो. "मी तिथेच होतो."

"मग काही दुखलं नाही त्याला?"

"काही नाही. झोपेत गेला. तू खाऊ घातलेलं पोटात होतं, मग झोपेतच जाईल की."

माई कितीतरी वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्या आई होत्या, त्यांना कळलं की नाही हे मला सांगता येणार नाही. मग त्यांनी हळूच तोंड उघडलं आणि साडूंनी घास भरवला. माईंनी तो सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी आहे रे," त्या म्हणाल्या.

"आणतो," म्हणून साडू उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी ओट्यावर समोरच असते, तरी पुष्कळ वेळ झाला तरी ते बाहेर येईनात. अक्का बघायला निघाल्या, तेव्हा मी हात आडवा करून त्यांना थांबवलं.