गच्चीवरचे रांजण

सोलमध्ये भाचीने मला एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर नेलं आणि तिथे चक्क नाटक रंगलं होतं! कोरियातल्या सुरुवातीच्या उंच इमारतींपैकी ही एक. खाली दुकानं, वर घरं, मधून पुलासारखा उंचावरून जाणारा पायरस्ता. वास्तुकाराने अख्खं गावच उभं करून ठेवलं होतं, पण अंगण तेवढं विसरला. मग सोयाबीन मुरवायचे मातीचे रांजण ठेवायचे कुठे? त्यांना ऊन हवं, वारा हवा. बायकांनी ते सरळ गच्चीवर चढवले.

आता गच्ची गळत होती. दुरुस्तीसाठी रांजण हलवायला व्यवस्थापक आला होता आणि एक आजी सर्वांत मोठ्या रांजणाला मिठी मारून उभ्या होत्या. भाची हसू दाबत मला एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

"आजी, खाली तळघरात ठेवू या ना!"

"तळघरात तू राहा. माझं सोयाबीन अंधारात नासेल."

"अहो, खालच्यांच्या घरात पाणी टपकतंय!"

"मग कर की दुरुस्ती! मी काय गच्चीला मिठी मारलीय?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इमारतीचा नकाशा एकजण काढतो. तिचं घर करायला अशी हट्टी माणसं लागतात.

व्यवस्थापकाने घाम पुसला. "बरं, अर्धी गच्ची आधी करू, अर्धी नंतर. रांजण तोवर दुसऱ्या अर्ध्यात."

आजींनी मिठी सैल केली नाही. "आधी कुठली? उन्हाची की सावलीची?"

त्याने सूर्याकडे पाहिलं, मग आजींकडे.

"सावलीची," तो म्हणाला.

तेव्हा कुठे आजींनी हात सोडले.