रेकॉर्डला ओठ नसतात

त्या रविवारी सकाळी दामाजी पहिल्यांदा घाबरला. शहाडच्या चाळीत दार लोटून त्याने आपली लाडकी एलपी रेकॉर्ड लावली होती. ऑर्गन आला, सॅक्सोफोन आला, गिटार आली. झांज काही येईना! ड्रमवाल्याची ती चिं-चिकी-चिं, जिच्यावर सगळं झुलायचं, ती पार गायब. त्याने सुई उचलली, फुंकर मारली, पुन्हा टेकवली. झांज नाहीच.

कापडाच्या कारखान्यात साचे, म्हणजे माग, चालवणारा माणूस आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल जॅझ, ही सोयरीक जुळवली कुणी, असं तुम्ही विचाराल. जुळवली राघोने. राघो ठाण्याच्या कोळीवाड्यातला, दामाजीचा शाळेतला दोस्त, बोटीवर खलाशी. त्र्याऐंशी साली त्याने खोकंभर रेकॉर्डी आणि प्लेअर दामाजीच्या खोलीत आणून टाकला. "माझ्याकडं खाऱ्या वाऱ्यानं सगळं गंजतंय रं. तुझ्याकडंच राहू दे," म्हणाला.

दामाजी चाळीच्या भजनात पखवाज वाजवायचा, म्हणून आधी त्याला भेटला तो ठेका. ठोका जागेवर पडतच नव्हता, केसभर मागे रेलून, ऐटीत पडत होता. मग कळलं की सॅक्सोफोन बुवासारखा ओळ टाकतो आणि ऑर्गन मागच्या भजन्यांसारखा ती उचलून धरतो. ऑर्गनवाला खर्ज चक्क पायांनी वाजवतो, हे राघोने सांगितलं तेव्हा दामाजीला ती थापच वाटली. एखादी जागा आली की हा एकटाच खो खो हसायचा. हौसाबाई, त्याची बायको, कपाळाला हात लावायची.

तर झांज गेली. दामाजीने कल्याणहून नवी सुई आणली. काही उपयोग नाही. मग तो बायकोवरच घसरला.

"ओल्या फडक्याने पुसलीस ना गं? खरं सांग!"

"मी हात तरी लावते का माझ्या त्या सवतीला?" हौसाबाई फणकारली.

रेकॉर्ड झिजली असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि ती लावणंच कमी केलं. मग एकदा सुट्टीवर आलेला राघो खोलीत टेकला आणि त्याने तीच रेकॉर्ड मागितली. डोळे मिटून, पाय हलवत राघो म्हणाला, "अरे, काय ती झांज! कालच आणल्यासारखी वाजतेय." दामाजीला तर ती ऐकूच येत नव्हती. "हो ना," एवढंच कसंबसं म्हणून तो पाणी आणायला उठला.

साचेखात्यात असा काही खडखडाट असतो की तिथे तोंडाने बोलून कुणाला काही ऐकू जात नाही. माणसं ओठ वाचतात, हातवारे करतात. दामाजीने उभी हयात तेच केलं होतं. बाहेरही तो वाण्याचे ओठ वाचत होता, बायकोचे वाचत होता, आणि आपण ऐकतोय असंच त्याला वाटत होतं. कान कधीचे गेले होते, पत्ता लागला नव्हता. माणसांना ओठ असतात. रेकॉर्डला ओठ नसतात हो!

तेव्हापासून भीतीने त्याला पुरतं धरलं. चाळीच्या नळापाशी म्हातारा धोंडीबा बसायचा, तोही साचेखात्यातलाच, ठार बहिरा. पोरं त्याच्यासमोर आवाज न करता नुसते ओठ हलवायची, तो "हो, हो" म्हणायचा आणि पोरं हसून लोळायची. दामाजी तिथून मान खाली घालून जायचा. कुणाला सांगायचं नाही, हौसाला तर मुळीच नाही, असं त्याने ठरवलं. जेवताना तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. अंधाराची तर त्याला धास्तीच बसली.

आणि एका संध्याकाळी दिवे गेले. रेकॉर्ड फिरता फिरता मंदावून थांबली. नुकत्याच विझवलेल्या चुलीपाशी हौसाबाई भाताची पेज काढत होती, दामाजी हाताच्या अंतरावर बसला होता. काळोख मिट्ट. पलीकडच्या खोलीत कुणी कण्हतंय असं त्याला पुसट वाटलं. असेल कुणी, म्हणून तो बसून राहिला.

शेजारची मीराबाई टॉर्च घेऊन आत आली. उजेड हौसाबाईच्या तोंडावर पडला. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, पायावर उकळती पेज सांडलेली.

"अहो, बाई कवाची ओरडतेय! ऐकू येत नाही काय?" टॉर्चच्या उजेडात मीराबाईचे ओठ म्हणाले.

दामाजी पाण्याची कळशी घेऊन धावला. तिच्या पायावर तो पाणी ओतत राहिला. हौसाबाई पायाकडे बघतच नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती.

"मी म्हटलं, अवो, पातेलं कलतंय, जरा धरा. दोनदा म्हटलं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"झांज गेली तेव्हापासून," दामाजी म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढच्या रविवारी पायाला फडकं बांधलेल्या हौसाबाईने स्वतःच ती रेकॉर्ड लावली. नवऱ्याचा हात ओढून प्लेअरच्या लाकडावर ठेवला. खर्ज त्याच्या तळव्याला लागला, पायांनी वाजवलेला. मग ती अगदी समोर येऊन बसली आणि ओठांनी झांज वाजवू लागली. चिं-चिकी-चिं, चिं-चिकी-चिं, ठोका केसभर मागे. इतकी वर्षं गोंगाट म्हणून कटकट करत बाईने सगळं पाठ करून ठेवलं होतं!

दामाजी तिच्या ओठांकडे बघत राहिला. ती आवाज काढतेय की नुसतेच ओठ हलवतेय, हे त्याला कळेना. विचारायची त्याला भीती वाटली.