वहिनीने मागितलेले आठ दिवस

दादाचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या स्टँडवर होतो. एवढंच म्हणाला, वहिनी गेली. सकाळी चहा ठेवताना छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंतही तिने तग धरला नाही... त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिच्या माणुसकीचं, हाताच्या चवीचं सांगितलं. मला जे सांगायचं आहे, ते मी अजून घरातही कुणाला बोललेलो नाही.

प्रकाशा गावाजवळ तापीकाठी आमचं शेत. वाटणी झाली तरी बांध एकच. दादा साखर कारखान्यात नोकरीला, त्यामुळे त्यांचा हिस्सा पुष्पावहिनीच पाही. तिची वांगी, माझा कापूस, आणि दोन्हींवर पांढरी माशी. पानाला हात लागला की पीठ उधळावं तशी उडायची. दर वेळी आधीपेक्षा कडक औषध, आणि आठवड्याभरात माशी पुन्हा हजर. एकदा वहिनीच्या पंपातलं औषध बांधाजवळ संपलं आणि शेवटच्या दोन ओळी तशाच राहिल्या. पंधरा दिवसांनी त्याच दोन ओळी साऱ्या वावरात स्वच्छ निघाल्या. दुसरं कुणी असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. तिने ती पानं डब्यात भरली आणि नंदुरबारला जाऊन तिथल्या शेतकी प्रयोगशाळेत दाखवली. तिथल्या साहेबांनी भिंगाखाली दाखवलं, की क्रायसोपा नावाच्या किड्याची अळी माशीची पिल्लं धरून शोषून घेते, आणि आपल्या औषधाने माशीच्या आधी हीच मरते. येताना तिने त्या किड्याची अंडी चिकटवलेली कार्डं आणली. एस.टी.त डबा उन्हाने तापू नये म्हणून वरून ओलं फडकं गुंडाळलं होतं. घरी न जाता ती थेट शेतात आली आणि पानांखाली कार्डं टाचत बसली.

पाचव्या दिवशी ती बाजाराला गेली असताना मी कापसावर फवारा मारला. दुसऱ्या दिवशी तिच्या वांग्यांच्या पानांखाली अळ्या मरून पडल्या होत्या. मी म्हणालो, वारा एकदम फिरला. तिने ऐकून घेतलं... वारा फिरला नव्हता. सकाळपासून तो तिच्याच वावराकडे होता, आणि मला ते दिसत होतं. हिच्या किड्यांच्या नादात माझा कापूस जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ती पुन्हा नंदुरबारला गेली, पुन्हा कार्डं आणली. तोवर वांग्यांची पानं चिकट होऊन काळी पडायला लागली होती. घरात दादा तिच्याशी बोलेनासा झाला. इकडे मी परत पंप भरला, तेव्हा ती पदर खोचून बांधावर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“भाऊ, आठ दिन द्या. माशी नही उतरनी ते तुम्हीच मन्हा वावरमा फवारी टाका.”

न फवारताच पंप रिकामा करून मी घरी आलो. ते आठ दिवस मला झोप अशी लागलीच नाही. चौथ्या दिवशी माझ्या कापसाची पानं वाकडी व्हायला लागली. वहिनी मात्र रोज उजाडताच ओळीत वाकून पान न् पान उलटून बघे आणि घरी जाई. सहाव्या दिवशी ती माहेरी गेली, तसा दादाने मला बाजूला घेतलं. ती यायच्या आत तिच्या वांग्यांवर मारून टाक, म्हणाला, मी बघतो काय ते. मी औषध घेऊन बांध ओलांडला. झाकण उघडण्याआधी उगाच एक पान उलटलं. त्यावर गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढी, कुरूप, केसाळ अळी होती. तिने माशीचं पिल्लू जबड्यात धरलं होतं. शेजारच्या पानावर अशाच दोन... मी बाटली घेऊन परत फिरलो. दादाला सांगितलं, औषध संपलंय.

आठव्या दिवशी वांग्यांचा शेंडा स्वच्छ निघाला. खालची पानं गेली, दोन तोडे हातचे गेले, ते काही परत आले नाहीत. माझ्या बांधाकडच्या ओळी सावरल्या. मधल्या कापसावर पुढे फवारावंच लागलं, पण कोणतं औषध, कधी, ते आधी वहिनीला विचारून.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बांधावर भाकरी खात बसलो होतो. जेवता जेवता तिने विचारलं, “भाऊ, त्या दिन वारा कोनाकडे व्हता, तुमले माहीत व्हतं ना?”

मी म्हणालो, “व्हय.”

“माले बी,” ती म्हणाली, आणि ठेचा माझ्याकडे सरकवला.

परवा दादा वांग्यांत उभा दिसला. आता तोच शेतात जातो. नाकावर वाचायचा चष्मा, हातात उलटं धरलेलं पान. मला बोलावून म्हणाला, “दख, हाऊ किडा आपला शे का वैरी?” लहानसा, तांबूस, मी कधी न पाहिलेला किडा होता. मी चष्मा मागून घेऊन पाहिलं. मलाही सांगता येईना. विचारावं असं माणूस... आम्ही दोघंही थोडा वेळ घराच्या वाटेकडे बघत राहिलो. मग दादाने ते पान, किडा पडू नये इतक्या हळू, होतं तसं सोडून दिलं.