घणबाईच्या लेकीचा डोळा

भंगारात आलेल्या गाड्या ती घणाने फोडायची, म्हणून सगळे तिला घणबाई म्हणत. कामावर तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. घरी मात्र नवऱ्याचा मार मुकाट खायची. तो ट्रक चालवायचा. घरात पाऊल टाकलं की त्याचा हात आधी उठायचा, तोंड मग उघडायचं.

लेक अजून बोबडं बोलत होती, तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसू लागली. "मांजरीसारखी गोड दिसते," सासू म्हणाली. पुढे डोळा तिरळा झाला, मग लालभडक. घणबाईने पोरीला उचललं आणि इस्पितळ गाठलं.

डॉक्टरबाईंनी भूल देऊन तपासलं. "डोळ्यातल्या पडद्याचा कॅन्सर आहे. लहान मुलांनाच होतो, तोही क्वचित. उजव्यात बारीकशी गाठ आहे, ती औषधांनी आणि लेसरने जाईल. डावा पुरता भरलाय, त्याने दिसतही नाही. तो काढावा लागेल."

"नाही काढला तर?"

"मागच्या नसेतून मेंदूत शिरेल. मग पोर हाती लागायची नाही."

घरी येऊन तिने हे सांगितलं, तसं नवऱ्याने ताट भिंतीवर भिरकावलं. "माझी पोर आंधळी करतेस?" पहिल्या ठोशात तिचा ओठ फाटला, दुसऱ्यात दात पडला. केस धरून तो तिचं डोकं दारावर आपटत राहिला.

दारामागचा लोखंडी दांडा तिच्या हाती लागला. तिने तो त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन मोडलं. दुसरा घाव गुडघ्यावर बसला. तिसऱ्यासाठी दांडा डोक्यावर उगारला, तेवढ्यात सासूच्या कडेवरची पोर किंचाळली. घणबाई थांबली.

"आई, पोर द्या इकडे."

सासूने कण्हणाऱ्या लेकाकडे पाहिलं. "देते कशाला? चल, मीच येते बरोबर. तुझं तोंड पूस आधी."

डोळा काढला. औषधांनी पोरीचे केस गळाले, पोटात पाणी ठरेना. सुई दिसली की ती नर्सला चावायची. पण उजवा डोळा वाचला. डाव्याच्या जागी नकली डोळा बसला. तपासण्या अजून चालू आहेत. नवऱ्याला तिने पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही.

परवा शाळेत एकाने 'काणी' म्हटलं, तर लेकीने त्याचं नाक फोडलं. सासू खूश झाली. घणबाईने पोरीला जवळ बसवून तिची सुजलेली मूठ पाण्यात धरली. मग एकेक बोट सोडवत ती उघडली.