वाक्य पूर्ण होईपर्यंत

आमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, तळमजल्यावर चौकशीची खिडकी आहे. प्रवेश, निकाल, दाखले, कशाचंही अडलं की माणूस आधी तिथे येतो. त्या खिडकीत ताई बसतात. ताई बोलताना अडखळतात. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या अडखळतात. 'प' आणि 'क' ही दोन अक्षरं त्यांच्या वाटेत ठाण मांडून बसलेली, आणि विद्यापीठात तर प्रवेश, परीक्षा, पदवी, कागद, कुलसचिव, सगळा कारभार त्याच दोन अक्षरांवर चालतो.

मी शेजारच्या शुल्क विभागात बसते. आमच्या दोघींच्या मधे एक काच, तीही अर्धी. त्यामुळे पुढे जे घडलं ते बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि त्याआधीचं डबा खाताना ताईंनी स्वतः सांगितलं.

शाळेत धडा वाचायची पाळी आली की बाई ताईंना वगळून मागच्या मुलीला उभं करायच्या. पोरीची फजिती नको, एवढाच हेतू. मुलं मात्र 'गचका' म्हणायची. घरी त्यांच्या वाटचं बोलायला दादा होता, त्यांचा थोरला भाऊ. पाहुण्यांनी विचारलं, कितवीत गं तू, की उत्तर दादाचं. दुकानात रिबीन कोणत्या रंगाची हवी तेही दादाच सांगायचा. कॉलेजच्या प्रवेशाला दादा, लग्नाच्या बोलणीत दादा, आणि नोकरीच्या मुलाखतीत तर साहेबांनीच दादाला आत बोलावून घेतलं. भावाचा बहिणीवर जीव होता, त्यात खोट काढायला जागा नाही. ताई फक्त एवढंच म्हणायच्या, की मला काय आवडतं हे मलासुद्धा बरीच वर्षं दादाकडूनच कळायचं.

नोकरी लागली ती तळघरातल्या अभिलेख कक्षात. लोखंडी रॅक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दिवसाही जळणारी ट्यूबलाइट. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ताईंची छान सोय झाली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ताईंनी तिथे उमेदीची वर्षं काढली. मग चौकशीवरचे काका निवृत्त झाले आणि त्या जागेवर कोणी जाईना, कारण दिवसभर लोकांची कटकट. ताईंनी अर्ज टाकला. तेव्हाचे कुलसचिव मायाळू होते. त्यांनी ताईंना बोलावून सुचवलं, की लोकांत बसून अवघडायला होईल, त्यापेक्षा फोनवरच्या चौकशीचं काम घ्या, तिथे कोणी बघत नाही. ताईंनी मान हलवली.

"फोनवर मी थांबले की लोकांना वाटतं लाइन कटली," त्या म्हणाल्या. "खिडकीत त्यांना दिसतं, मी बोलतेय."

साहेबांनी सही केली.

खिडकीवर ताईंची रांग लांबायची, हे खोटं नाही. कोणी घड्याळ बघायचं, कोणी उसासे टाकायचं, एखादा आगाऊ पोरगा मागे उभा राहून नक्कल करायचा. ताईंचा नियम एकच. कोणी पुढे केलेला शब्द घ्यायचा नाही. त्या 'परीक्षा'वर अडल्या आणि समोरच्याने भाबडेपणाने "परीक्षा का?" म्हणून हात दिला, तरी ताई तो शब्द स्वतः पूर्ण म्हणायच्या आणि मगच पुढे सरकायच्या. समोरचा ओशाळायचा, कधी वैतागायचा. ताईंच्या चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही.

मग नवे कुलसचिव आले आणि त्यांच्याबरोबर कार्यशाळा आल्या. कर्मचाऱ्यांचा व्यावसायिक विकास व्हायला हवा, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं आणि आमचा विकास धडाक्यात सुरू झाला. एका आठवड्यात ताणतणाव, दुसऱ्यात संगणक, तिसऱ्यात टपाल कसं हाताळावं. हजेरी सक्तीची, प्रमाणपत्रावाचून बढती नाही. त्यातच 'प्रभावी संवाद' आला आणि लोकांशी संबंध येणाऱ्या सगळ्यांना वरच्या सभागृहात बोलावलं गेलं. गोल टेबलं, रंगीत चिठ्ठ्या, बाटलीबंद पाणी. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई चटपटीत होत्या. कॉलरला माइक, पायाला भिंगरी. पहिला खेळ त्यांनी समजावला: प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपली ओळख करून द्यायची. मिनिट संपलं की त्या टेबलावरची घंटी वाजवणार.

ताईंचं नाव 'क'ने सुरू होतं. दुसरा एखादा शब्द अडला तर आडवळणाने जाता येतं, दुसरा शब्द शोधता येतो. स्वतःच्या नावाला तशी पळवाट नसते. ताई उभ्या राहिल्या, आणि पहिल्याच अक्षराशी थांबल्या. सभागृहात खुर्च्या करकरल्या. सगळे आपापल्या चिठ्ठ्या न्याहाळू लागले. प्रशिक्षक बाई हसत जवळ आल्या, ताईंच्या छातीवरच्या बिल्ल्यावरून नाव मोठ्याने वाचलं, खूप छान म्हणाल्या आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटलो एकदाचे, अशा वाजवल्या.

ताई उभ्याच.

"बसा ना ताई," प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

"माझं झालं नाही."

घंटी वाजली. ताईंनी नाव घ्यायला सुरुवात केली. पुन्हा घंटी वाजली, बहुधा सवयीने. ताईंनी नाव पूर्ण घेतलं, विभाग सांगितला, किती वर्षं नोकरी झाली ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "माझं नाव मला कोणी सांगू नये. ते मला माहीत आहे." मग खुर्ची ओढून बसल्या आणि पाणी प्यायल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना, तेव्हा कोणीच वाजवल्या नाहीत.

आठवडाभराने कुलसचिवांचं बोलावणं आलं. प्रशिक्षक बाईंनी शिफारस केली होती, की अशा कर्मचाऱ्यांना लोकांसमोरचं काम देऊ नये, त्यांच्या आत्मविश्वासावर ताण येतो. साहेब गोडच बोलले. ताईंनी पुन्हा अभिलेख कक्षात जावं, तिथे शांतता आहे, हे सारं त्यांच्या भल्यासाठीच. ताईंनी कारण लेखी मागितलं. दुसऱ्या दिवशी बदलीचा आदेश आला, त्यात कारण होतं 'प्रशासकीय सोय'.

ताईंनी आदेश घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नेहमीप्रमाणे खिडकीत जाऊन बसल्या. शिपाई दोनदा येऊन गेला. मग कारणे दाखवा नोटीस आली. ताईंनी तक्रार समितीकडे दाद मागितली आणि पुन्हा खिडकीत बसल्या. संघटनेचे पुढारी धावत आले, दारात सभा घेतो म्हणाले. ताईंनी त्यांनाही परत पाठवलं. मला म्हणाल्या, ते माझी कीव येईल असं भाषण ठोकणार, आणि ते ऐकण्यापेक्षा तळघर परवडलं. ताईंचे यजमान बसच्या आगारात मेकॅनिक. घरी निलंबनाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं म्हणे, बसवलंच घरी तर बस, निदान दुपारी गरम जेवण मिळेल, पण माघार घेऊ नकोस, नाहीतर तुझी चिडचिड मला जन्मभर पुरेल.

सुनावणीच्या दिवशी दादा आला. आता निवृत्त मुख्याध्यापक, केस पांढरे, शर्टाला कडक इस्त्री. हातात मुद्द्यांचा कागद. समितीने मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मीही सुनावणीच्या खोलीबाहेर उभी होते.

"दादा, तू बाहेर बस," ताई म्हणाल्या.

"अगं, आत पाच माणसं बसलीयत. घाम फुटेल तुला."

"फुटू दे."

"आणि अडकलीस तर?"

"अडकेन. मग सुटेन."

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आयुष्यभर धरलेलं बोट कोणी सोडवून घेतलं की होतं तसं काहीतरी. तो बाकावर बसला.

मी ताईंच्या मागोमाग आत गेले. समोर समितीच्या अध्यक्षा होत्या, कायद्याच्या प्राध्यापक. बाजूला कुलसचिव. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली. ताईंनी सांगितलं, जास्त लागतील. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, बोला.

ताई बोलल्या. मधे एका सदस्यांनी न राहवून शब्द पुरवला, तेव्हा ताईंनी नुसता हात वर केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. ते खुर्चीत मागे टेकले. कितीतरी वेळ गेला. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी शटर ओढलं. मला वाटत होतं आता थांबतील, पण त्या थांबल्या नाहीत. त्या काय म्हणाल्या ते मी सलग लिहिते, त्यांनी मात्र ते एकेक वीट उचलून ठेवावी तसं म्हटलं.

"साहेब, मला बोलायला त्रास होतो असं तुम्ही लिहिलंय. मला होत नाही. मी अशीच बोलते. त्रास तुम्हाला होतो, ऐकायला. तो तुमचा त्रास आहे. तो मी तळघरात नेऊन का ठेवू?"

कुलसचिवांनी घसा खाकरला आणि रांगेचा मुद्दा काढला. लोकांचा खोळंबा होतो, हे तर ताईंनाही नाकारता येणार नाही. ताईंनी नाकारलंही नाही.

"दुसरी खिडकी उघडा," त्या म्हणाल्या. "इमारतीला खिडक्यांचा तोटा आहे का?"

अध्यक्षांना हसू आवरलं नाही. माझी साक्ष मग दोन वाक्यांत उरकली, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाहेर आलो तर दादा उभा होता. काय झालं, त्याने मला विचारलं. सवयच ती, विचारायचं दुसऱ्याला. मी ताईंकडे बोट केलं. ताईंनी सांगायला सुरुवात केली. दादाचे ओठ हलत होते, पुढचा शब्द त्याच्या जिभेवर तयार असायचा आणि तो गिळायचा. एकदा त्याने रुमाल तोंडावर दाबून धरला. ताई 'कुलसचिव'वर अडकून राहिल्या तेव्हा तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. पण शब्द त्याने तोंडातच ठेवला. ताईंचं सांगून झालं, तेव्हा तो म्हणाला, "लहानपणी रिबीन तुला निळी हवी असायची ना?"

"नाही," ताई म्हणाल्या. "पिवळी."

दादा ओशाळून हसला. मग ती दोघं जिना उतरून गेली.

बदलीचा आदेश रद्द झाला, नोटीस मागे घेतली गेली. जिन्याजवळची बंद खिडकी उघडून तिथे एका तरतरीत लिपिकाला बसवलं. घाई असलेले तिकडे जातात. बाकीचे ताईंकडे येतात, आणि दोन्हीकडे लोक चिडतात ते चिडतातच. कुलसचिव ताईंना आता नमस्कार करत नाहीत. संवादाचं प्रमाणपत्र ताईंना मिळालं नाही. सहभाग अपूर्ण, असा शेरा बसला. त्यामुळे बढती लटकलीय. त्याविरुद्धही ताईंचं अपील चालू आहे, आणि त्या सुनावणीला दादा येणार नाहीय, त्याला बोलावलेलंच नाही.

परवा सूचना फलकावर पुढच्या कार्यशाळेचा कागद लागला. विषय, वेळेचं व्यवस्थापन. ही सक्तीची नाही, ज्याला हवं त्याने नाव द्यावं. ताईंनी सगळ्यांत आधी नाव दिलं. तुम्ही कशाला जाताय, मी विचारलं. त्या शांतपणे डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मला प्रश्न विचारायचेत."