तांबूस डोळ्यांची गाला

महादेव गुहागरकडचा. आखातातल्या बुसैतीन गावात अहमदबाबांच्या बंगल्यावर तो अकरा वर्षं ड्रायव्हर होता. बाबांनी मागच्या अंगणात जाळीचा मोठा पिंजरा बांधला, तेव्हापासून पाखरंही त्याच्याच गळ्यात पडली. पाखरं ऑस्ट्रेलियातली, गाला जातीच्या काकाकुव्यांची जोडी. पोट गुलाबी, पंख राखाडी. मादीचे डोळे तांबूस, नराचे काळेभोर. एवढाच काय तो फरक. तिकडे हे पक्षी उघड्या माळरानावर थव्यानं राहतात, निलगिरीच्या ढोलीत पाला अंथरून घरटं करतात आणि जोडीदार सहसा जन्मभर सोडत नाहीत, हे बाबांनीच त्याला सांगितलं होतं. म्हणून महादेव कुठूनतरी निलगिरीच्या डहाळ्या आणायचा. मादी एकेक पान चोचीत धरून लाकडी खोक्यात नेऊन टाकायची.

जूनमधल्या एका सकाळी तो पिंजऱ्यात पाणी बदलत असताना गावाहून बायकोचा, मंगलाचा फोन आला. बोलत बोलत तो बाहेर पडला आणि दाराची कडी लावायची राहिली. परत येऊन बघतो तर मादी नाही.

पक्कड आणून त्याने मागच्या कोपऱ्यातली जाळी तोडली आणि बाबांना सांगितलं की तिनंच ती कुरतडली. काकाकुव्यांची चोच कशी असते ते बाबांना ठाऊक होतं. त्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. गेली त्याच वाटेने आत शिरेल, असं बाबा म्हणाले. नराला लहान पिंजऱ्यात घालून त्यांनी आतच ठेवलं, भोकापाशी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या आणि स्वतः खुर्ची टाकून बसले. ती मात्र पुन्हा पुन्हा समोरच्या बंद दाराला लटकायची. आतून नर ओरडायचा. महादेव सगळं बघत होता. दार उघडावं तर बाबा विचारणार, दार कशाला?

दोन दिवस तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी उन्हं तापल्यावर त्याला राहवलं नाही.

"बाबा, ती दारातून गेली. कडी मी विसरलो. जाळीही मीच तोडली."

बाबांनी उठून आधी दार उघडलं. मग म्हणाले, "काल का नाही बोललास?"



त्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा साद तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. त्याच्या गच्चीवर, कोरड्या टाकीमागे मरून पडली होती.

नराने खाणं टाकलं, छातीची पिसं उपटायला लागला. एकटा ठेवून तो जगायचा नाही म्हणून बाबांनी ईसा टाउनकडच्या एका ओळखीच्या माणसाकडे, बारा-तेरा गालांच्या थव्यात, त्याला द्यायचं ठरवलं. गाडी महादेवनेच नेली. बाबांनी त्याला कामावरून काढलं नाही, चढा शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

मंगलाने फोनवर पाखरांची चौकशी केली. महादेवने तिला उन्हाळ्याचं कारण सांगितलं.

नर आता खातो, छातीवर पिसं फुटली आहेत. काही शुक्रवारी महादेव तिकडे जातो. त्याला पाहिलं की नर फांदीवरून सरकत जाळीशी येतो, मान खाली घालून डोकं खाजवून मागतो. महादेव जाळीतून बोट घालतो आणि दुसरीकडे बघतो.