घाटावरच्या काकीची गौर

माझ्या काकाचं लग्न वाईकडच्या मुलीशी झालं, तेव्हा आमच्या वाडीत विलायतेची सून आल्यासारखी चर्चा झाली. आमच्या पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढला की महाबळेश्वर आणि पलीकडे उतरलं की वाई. म्हटलं तर शेजारच. पण घाट चढला की माणसं, भाकरी आणि देव सगळंच बदलतं, अशी आमच्या बायकांची पक्की समजूत. काकीसमोर तिला कुणी ‘घाटी’ म्हणत नसे. तिची पाठ वळली की म्हणत.

काका मुंबईला गिरणीत. तिथे एका खोलीत गावचेच गडी दाटीवाटीने राहत, त्यामुळे बायकोला नेण्याचा प्रश्नच नव्हता. वाडीतल्या सगळ्याच बायका अशा मागे राहिलेल्या. माझी आईसुद्धा. पण आईचं माहेर घाटाखालच्याच पाचाडला, म्हणजे तिला भात आपला, पाऊस आपला आणि सुकटीचा वास तर फारच आपला. काकीला यातलं काही ओळखीचं नव्हतं. दोन्ही वेळा भात बघून ती ज्वारीच्या भाकरीच्या आठवणीने गप्प व्हायची. चुलीत सुकट भाजायला घेतली की नाकाला पदर लावून गोठ्यात जाऊन उभी राहायची.

“बघा गो,” आत्या म्हणायची, “शेणाचा वास चालतो हिला, म्हावऱ्याचा नाय चालत.”

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेली, आणि तेव्हापासून आमचं घर चालवणारी. आई आमटीत मीठ घालतानासुद्धा तिच्याकडे बघायची. माझी आत्या मायाळू होती, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ती खवट होती, आणि आम्ही सगळे तिला टरकून असायचो.

मी तेव्हा चौथीत होते आणि माझा सगळा जीव काकीत अडकलेला. ती माझी वेणी अशी घट्ट घालायची की भुवया वर चढायच्या. रात्री माझ्या शेजारी झोपून तिच्या गावच्या घाटाबद्दल, म्हणजे कृष्णेच्या पायऱ्यांबद्दल, सांगायची. हसली की शेजारच्या घरात ऐकू जायचं. पण श्रावण संपता संपता ते हसू बंद झालं. ताटातला भात नुसता चिवडायची.

गणपतीला काका आला. पडवीत तो पाय धुऊन बसला नाही तोच आत्याने निकाल दिला. “पोर झुरतेय रे. धड जेवत नाय, बोलत नाय. गौरी झाल्या की घाटावर नेऊन सोड तिला. कोणाची लेक डांबून ठेवायला आपण काय तुरुंग मांडलाय?”

काका धुतलेले पाय पुन्हा धुवायला उठला. माहेरी नेऊन सोडलेली बाई पुन्हा येत नाही, हे वाडीतल्या पोरासोरांनाही कळत होतं. काकीनेही आतून ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने आपली पत्र्याची पेटी भरून पडवीत आणून ठेवली. काकी गेली तर मी जेवणारच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

गौरी आल्या. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. घराखालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, तेरड्याची रोपं मुळासकट उपटायची आणि ती घेऊन मुक्याने घरी यायचं. गौर घरात बसेपर्यंत बोलायचं नाही आणि पाणी गिळायचं किंवा सांडायचंही नाही. भावकीच्या बायका, आई, मी आणि पहिल्या वर्षाची नवी सून म्हणून खणाने झाकलेलं ताट घेतलेली काकी, अशा आम्ही निघालो. नव्या सुनेला काय आणायचं ते सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गौर म्हणजे तेरडा, हे काय सांगायचं?

आम्ही चुळा भरल्या. बायका तेरडा उपटायला लागल्या. काकी मात्र साडी वर खोचून पाण्यात शिरली आणि छानसे गुळगुळीत खडे वेचून ताटात मांडायला लागली. तिच्या माहेरी खड्यांची गौर! मी तिचा पदर ओढला, तेरड्याकडे बोट केलं, मान हलवली, डोळे मोठे केले. तिला वाटलं, मला फूल हवंय. तिने एक फूल खुडून माझ्या वेणीत खोवलं आणि ताटावर खण झाकला.

दारात घरी थांबलेल्या भावकीतल्या एका बाईने आमच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि काकीच्या ताटावरचा खण उचलला.

“अगो बाय, हिनं धोंडे आणलेत!”

झालं. एकीला हसू फुटलं आणि तोंडातलं पाणी भस्सकन बाहेर आलं. दुसरीने चूळ थुंकून अपशकुन, अपशकुन म्हणायला सुरुवात केली. तिसरी म्हणाली, ते फेक आधी. मीही पाणी थुंकले आणि तिला माहीत नव्हतं, तिला माहीत नव्हतं, असं बेंबीच्या देठापासून ओरडले. काका पडवीत पेटीशेजारी उभा होता.

काकी ताट धरून तशीच. गाल फुगलेले, ओठ मिटलेले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढं सगळं अंगावर येत असताना तिने तोंड उघडलं नाही.

आत्या गौरीच्या दिवशी कधी पुढे येत नसे. विधवेने येऊ नये, हा नियम तीच सगळ्यात कडक पाळायची. त्या दिवशी ती माजघराच्या दारातून थेट उंबऱ्यापर्यंत आली.

“कोण फेकतंय बघते मी. बोलू नये म्हणतात तर तुम्ही सगळ्या बोललात. हिची चूळ अजून तोंडात हाय. गौर हिनं आणलीय. तुम्ही नुसती झाडं घेऊन आलात.”

फेक म्हणणारी दोन पावलं मागे सरकली.

“घे गो आत,” आत्या आईला म्हणाली. “दोन्ही बसव. बाईला माहेरचं कायपण बरोबर नेता येत नाय. देव तरी येऊ दे तिचा.”

म्हणून त्या वर्षी आमच्याकडे दोन गौरी बसल्या. दुसऱ्या दिवशी तेरड्याच्या गौरीला आमच्या पद्धतीने मटण आणि वडे, आणि मधे पडदा धरून खड्यांच्या गौरीला काकीच्या हातची पुरणपोळी. देवीला मटण दाखवतात हे बघून काकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आत्याने पोळीला नाव ठेवलं, जाड झाली म्हणाली, आणि आणखी एक मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी पऱ्यावर गौरींची बोळवण झाली. परतल्यावर काका एष्टीची वेळ विचारत पडवीत फेऱ्या घालायला लागला. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आत्याला म्हणाली, “वन्सं, पुढच्या साली तेरडा म्या उपटीन. पर खडं बी आणू न्हवं?”

आत्याने चुलीवरून मान वर केली नाही. “तूच आणायचेस. मला काय त्यातलं कळतंय?”

मी उड्या मारतच पडवीत गेले, ती जड पेटी दोन्ही हातांनी ओढत आत आणली आणि काकाला ओरडून सांगितलं, की तिकीट एकच काढ.